सुई न टोचणारी डॉक्टर

मागल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारातील आंब्याखाली उभे होतो. रात्री पावसाचा पहिला शिडकावा होऊन गेला होता आणि जो तो भाताच्या पेरणीच्या गोष्टी बोलत होता. एवढ्यात आमच्याच धर्मग्रामातील एक शेतकरी बंधू टोपी हातात घेऊन जवळ आले. यांची केळीची लहानशी बाग, थोडी वालाची व वांग्याची वाडी आणि ओढ्याकाठी एक एकर भात. बोलणे मोजके, पण त्या दिवशी पोटातले सगळे ओठांवर आले होते.

“तुम्ही ते शेती-आरोग्याचं पान लिहिता ना, मग मला एक सांगा. माझी मोठी पोरगी एम. एस. डब्ल्यू. झाली. आता म्हणते, सुरतेला जाऊन पीएच. डी. करणार. विषय काय, तर माणसं आजारात कशी वागतात! अहो, आजारी माणूस कण्हतो, दुसरं काय करणार? आणि ही डॉक्टर झाली तरी सुई टोचणार नाही, गोळी देणार नाही. मग डॉक्टर कशाची?”

आम्ही हसलो. तेही हसले, पण त्यांचे हसणे वरवरचे होते. घरात ह्या गोष्टीवरून महिनाभर धुसफूस चालली होती. आईचे म्हणणे, मुलगी सव्वीस वर्षांची झाली, आणखी पाच वर्षे कोण थांबणार? बापाने मनातल्या मनात तीन गुंठे विकण्याचा हिशेब मांडला होता. नर्सिंग केले असते तर एव्हाना परदेशी गेली असती, हेही एका नातेवाइकाने ऐकवून झाले होते. “तुम्ही तिला समजवा,” असे सांगून ते निघून गेले. समजवा म्हणजे काय, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मुलगी संध्याकाळी घरी आली. आम्ही समजावण्याच्या तयारीत बसलो होतो. पण तिनेच आम्हांला एक प्रश्न केला, आणि तो अजून आमच्या मनातून गेलेला नाही. “काका, दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तुम्ही आपल्या पानावर लेप्टोच्या तापाविषयी लिहिलं होतं. चिखलात उतरताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर शेतात जाऊ नका, ताप आला तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. आठवतं? त्या पावसात किती जणांनी गमबूट घेतले, हे तुम्ही कधी विचारलंत का?”

आम्ही विचारले नव्हते.

आणि त्याच पावसात, भाद्रपदाच्या सुरुवातीला, शेजारच्या वाडीतील एक चाळिशीचा शेतकरी त्या तापाने गेला होता. नाव लिहीत नाही. आपणांपैकी पुष्कळांनी त्याच्या पेटीला खांदा दिला आहे. चार दिवस ताप, अंग मोडून दुखणे, पोटऱ्यांत गोळे. जवळच्या एका खासगी दवाखान्यात सुई झाली, सलाईन झाले, “व्हायरल आहे, उतरेल” असे सांगितले गेले. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसले तेव्हा घरच्यांनी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले. सहाव्या दिवशी लघवी बंद झाली. मोठ्या इस्पितळात पोचले तेव्हा मूत्रपिंडे निकामी झाली होती. मुलगी त्यांच्या घरी जाऊन आली होती. विधवेने तिला सांगितले की आमचे ते पान त्यांनी घरात मोठ्याने वाचून दाखविले होते.

म्हणजे माहिती होती. वाचलेली होती. तरी पाय उघडेच चिखलात गेले आणि ताप आल्यावर पावले दुसरीकडेच वळली. माहीत असणे आणि तसे करणे यांच्यामध्ये जी जागा आहे, तिथे काय घडते? मुलीला अभ्यास करायचा आहे तो ह्याचा. विद्यापीठात याला सार्वजनिक आरोग्याची सामाजिक व वर्तनविषयक बाजू असे भारदस्त नाव आहे.

असो. समजावण्याचे काम तिथेच संपले. जुलैत भाऊ, त्यांची मुलगी आणि आम्ही असे तिघे सकाळच्या गाडीने सुरतेला निघालो. भाऊंना जागा पाहायची होती, मुलीला प्रवेशाची चौकशी करायची होती, आणि आम्हांला, खरे सांगायचे तर, आमच्या पानाचे काय चुकले ते शोधायचे होते.

सुरतच का, असे वाचक विचारतील. मुंबई जवळ असताना इतक्या लांब का? त्याला कारण आहे, आणि आमच्या पिढीला ते आठवते. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. त्याआधी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगाची बातमी आली होती. सुरतेत तापीला पूर येऊन गेला होता, सखल वस्त्यांत गाळ, मेलेली जनावरे आणि कुजका कचरा पडला होता, त्यातच गणपती विसर्जनाची गर्दी. वेड रोडच्या भागातून न्यूमोनियासारखे रुग्ण येऊ लागले आणि पटापट दगावू लागले. मग चारपाच दिवसांत काही लाख माणसांनी शहर सोडले. मिळेल त्या गाडीने, ट्रकने, टपावर बसून. कापडाच्या मागांवर काम करणारे आपले खानदेशी लोक जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पळाले. हिऱ्याचे कारागीर सौराष्ट्राकडे. पुष्कळ खासगी डॉक्टरांनीच दवाखान्याला कुलपे लावली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे गाडीतून उतरताना आम्ही आपल्या स्टेशनावरही पाहिली होती, आणि सांगायला लाज वाटते, आम्ही चार पावले मागे सरलो होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे त्या साथीत देशभर ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू झाले. टेट्रासायक्लीनसारख्या स्वस्त गोळीने बरा होणारा हा रोग. त्याच काळी आपल्या देशात क्षयाने दर वर्षी लाखो माणसे मरत होती आणि त्यासाठी कोणी गाव सोडीत नव्हते. तरी ह्या साथीने परदेशी विमाने थांबली, माल अडला, आणि जगभर भारताचे नाव झाले ते वेगळेच.

आता पाहा. तो जंतू कोणता, याचा वाद वैद्यक शास्त्रज्ञांनी पुढे कितीतरी वर्षे घातला आणि शेवटी जनुकांच्या तपासणीने तो प्लेगाचाच असल्याचे दाखविले. पण माणसे का पळाली? डॉक्टर का पळाले? कचरा इतकी वर्षे का साठला, आणि कोणाच्या दाराशी साठला? ह्या प्रश्नांचे उत्तर सूक्ष्मदर्शकात सापडत नाही. ते शोधले समाजशास्त्राच्या लोकांनी. सुरतेत ‘सेंटर फॉर सोशल स्टडीज’ ही संस्था आहे. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९६९ साली ती सुरू केली आणि ती दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या आवारात आहे. तेथील प्राध्यापक घनश्याम शहा यांनी ह्या प्लेगाचा अभ्यास करून १९९७ साली ‘पब्लिक हेल्थ अँड अर्बन डेव्हलपमेंट’ हा ग्रंथ लिहिला. हे गृहस्थ वैद्य नव्हेत. राजकारण आणि समाज यांचे अभ्यासक. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामाजिक वैद्यक व सामूहिक आरोग्य केंद्रात ते प्राध्यापक झाले. येशूसंघाचे फादर लान्सी लोबो हेही समाजशास्त्रज्ञ. काही काळ सुरतेच्याच केंद्रात काम केलेले. मलेरियाचा सामाजिक अभ्यास सांगणारे त्यांचे पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झाले. मच्छर कुठे वाढतो हे कीटकशास्त्रज्ञ सांगतो. फवारणीवाला आला की बाई आतल्या खोलीचे दार का लावून घेते, हे कळायला तिच्या ओट्यावर बसावे लागते.

प्लेगानंतर सुरतेचे काय झाले तेही सांगायला हवे. १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव हे पालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे व निर्णयाचे अधिकार दिले आणि रोज सकाळी गार हवेच्या खोलीतून उठून रस्त्यावर जायला लावले. रात्री रस्ते झाडले जाऊ लागले, अस्वच्छ खाणावळींना दंड झाले, दवाखान्यांतून रोगांची रोजची माहिती येऊ लागली. १९९६ साली ‘इंटॅक’ ह्या संस्थेने सुरतेला देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरविले; २०२३ च्या सरकारी स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला क्रमांक आला. माणसे तीच, तापी तीच. गुजराती माणूसच मुळात असा नि तसा, असे म्हणणाऱ्यांना ह्यात थोडे विचार करण्यासारखे आहे.

भाऊंनी गाडीत हे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “पण ही माणसं विचारतात काय? कागद घेऊन फिरतात की काय?”

कागद असतोच. पण आधी वर्षभर वाचन, मग विषय पक्का करणे, मग संस्थेच्या नीती समितीपुढे तो मांडणे. कारण माणसाला त्याच्या आजाराविषयी विचारायचे म्हणजे त्याची परवानगी हवी, नाव गुप्त ठेवायला हवे, आणि ‘नाही’ म्हणण्याचा त्याचा हक्क मानायला हवा. त्यानंतर गावात जाऊन राहणे. काही प्रश्न ठरलेले, शेदोनशे घरांना सारखेच. त्यांवरून आकडे निघतात. काही गोष्टी बोलता बोलता निघतात. पाचसहा बायका एकत्र बसल्या की एकीच्या बोलण्यावर दुसरी बोलते. आणि काही नुसत्या पाहायच्या. माणूस सांगतो एक आणि करतो दुसरे, यात खोटेपणा असतोच असे नाही. कित्येकदा त्याचे त्यालाच ठाऊक नसते.

ह्या अभ्यासाने काय बदलते, याचे आपल्याच देशातील एक जुने उदाहरण आहे. क्षयाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला जात होता तेव्हा पुष्कळांची समजूत अशी की खेड्यातले अडाणी लोक खोकल्याकडे लक्षच देत नाहीत, म्हणून गाडी घेऊन घरोघर रोगी शोधावे लागतील. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षय संस्थेत डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूरकडच्या गावांत जाऊन खुद्द रोग्यांनाच विचारले. १९६३ साली तो अभ्यास छापून आला. निघाले उलटेच. बहुतेक रोग्यांना आपले काहीतरी बिघडल्याची जाणीव होती आणि निम्म्याच्या आसपास लोक आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविले होते! म्हणजे वागणूक सुधारायची होती ती रोग्याची की दवाखान्याची? त्यानंतर नेहमीच्या दवाखान्यातच थुंकी तपासण्याची सोय करण्यावर भर आला.

आणि जामखेडचे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तर आपल्या ख्रिस्ती समाजाला परके नाही. १९७० साली ते तिथे गेले ते औषधांच्या पेट्या घेऊन. पण लोकांनी पहिल्याने मागितले ते पाणी आणि अन्न. त्यांनी ते ऐकले. गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. १९७९ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तरी आमच्या मते त्यांचे मोठेपण बक्षिसात नसून पहिल्या दिवशी ऐकून घेण्यात आहे.

सुरतेत मुलीचे विद्यापीठातले काम दुपारपर्यंत उरकले. मग तिने आग्रह धरला म्हणून आम्ही ओलपाड तालुक्यातील एका गावी गेलो. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण तिथली. दक्षिण गुजरातचा हा भाग आपल्याकडच्यासारखाच. पाऊस भरपूर, भात आणि त्याला लागून ऊस. काकरापार आणि उकाईच्या कालव्यांनी पाणी आले आणि ऊस वाढला. उसात उंदरांना आसरा मिळतो आणि पावसात बिळे बुडाली की ते भाताच्या बांधांवर येतात. सुरत, नवसारी, वलसाड, तापी, डांग ह्या पट्ट्यात लेप्टोचा ताप गेली तीसएक वर्षे पावसाळ्यात डोके काढतो. सुरतेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील लोकांनी त्यावर पुष्कळ काम केले आहे.

बांधावर लावणी चालली होती. डांगातून आलेल्या सातआठ बायका वाकून रोपे खोचत होत्या. त्यांची बोली आपल्याला निम्मी कळते, निम्मी अंदाजाने. दुपारच्या भाकरीला त्या बांधावर बसल्या तेव्हा मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली. वही पिशवीतच राहिली. आधी भाकरी कशाची, मुले कोणाकडे ठेवलीत, हे बोलणे झाले. मग तिने पायांकडे बोट केले.

एका वयस्क बाईने आपले पाऊल उचलून दाखविले. बोटांमध्ये कातडी पांढरी पडून फाटली होती. त्यावर ती रात्री हळद-तेल लावते. दिवसा? दिवसा चिखलच. जखम असेल तर शेतात जाऊ नये, हे तिला ठाऊक होते. पण लावणीचे दिवस पंचवीस-तीस, त्यांतला एक दिवस बुडाला तर मजुरी गेली आणि मुकादम दुसरीला घेणार. गमबुटाचे नाव काढताच सगळ्या हसल्या. तिच्या बोलीतला तिचा जबाब आम्ही आपल्या भाषेत देतो: “चिखल बूट गिळतो आणि पाय वर सोडतो.” शिवाय बूट येतात पुरुषांच्या मापाचे. आणि उलटे चालत लावणी करायची असते. बोटांनी जमीन चाचपल्याशिवाय पाऊल पडत नाही.

आम्ही स्वतः शेतकऱ्याच्या पोटचे. लहानपणी लावणी केलेली आहे. तरी गमबूट घाला असे छापताना हे आम्हांला सुचले नव्हते.

पुढे गोळीचा विषय निघाला. त्या भागात जोखमीच्या गावांतून पावसाळ्यात आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या वाटतात. ह्या बायकांनाही मिळाल्या होत्या. खाल्ल्या का? दोघींनी खाल्ल्या होत्या आणि सकाळभर मळमळून ओकाऱ्या झाल्या. कारण गोळी मिळाली सकाळी, आणि त्या पहाटे चहा पिऊन निघतात, पहिली भाकरी दुपारी. ही गोळी पोटभर खाऊन, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते. उपाशी पोटी ती मळमळतेच. बाकीच्यांनी गोळ्या झोपडीत पदराच्या गाठीला नाहीतर डब्यात ठेवून दिल्या. कशासाठी? ताप आला तर असाव्यात म्हणून! ताप येऊ नये म्हणून दिलेली गोळी तापासाठी राखून ठेवली. गरीब घरात कुठलीही वस्तू राखून ठेवतात, तशीच. यात अडाणीपणा कुठे आहे, ते आम्हांला दाखवा. गोळी संध्याकाळी, जेवणाच्या वेळी वाटली असती आणि समोर खायला लावली असती, तर त्या डब्यात राहिल्या नसत्या. एवढा साधा बदल; पण तो सुचायला कोणीतरी बांधावर बसायला हवे.

भाऊ इतका वेळ गप्प उभे होते. ते एकदम म्हणाले, “आपल्या त्यालापण बूट होते. मी पाहिलेत. खुंटीला टांगलेले.” आणि मग बराच वेळ बोलले नाहीत.

परतीच्या गाडीत मुलीने आम्हांला एक जुना विचार सांगितला. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयासाठी छातीचे फोटो फुकट काढून मिळत, गाडी दाराशी येई, तरी लोक येत ना. तेथील मानसशास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा माणसाच्या मनात चार गोष्टींचे वजन होते असे दिसले: हा रोग मला होईल का, झाला तर किती वाईट, सांगितलेल्या उपायाने खरेच टळेल का, आणि उपायाचा त्रास किती. आम्ही आमचे जुने पान आठवून पाहिले. रोग किती वाईट हे आम्ही रंगवून लिहिले होते. उपायाच्या त्रासाबद्दल एक ओळ नव्हती. अर्थात चार गोष्टींत माणूस मावत नाही, असे मुलगीच म्हणाली. मजुरी आणि मुकादम त्या चारांत कुठे बसतात? म्हणून तर समाजशास्त्र.

आता व्यवहाराचे, कारण आई-बापांना तेच हवे असते. आपल्याकडे ह्या नावाची वेगळी पदवी क्वचितच दिसेल. समाजशास्त्र, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील जनस्वास्थ्य विभाग, यांपैकी कुठल्यातरी दाराने आत जावे लागते. मुंबईत देवनारला टाटा समाज विज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, केरळात तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र ही जाणती ठिकाणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, राखीव वर्गांना त्यात सवलत आहे. पीएच. डी. ला कमीत कमी ३ वर्षे, जास्तीत जास्त ६; स्त्रियांना आणखी २ वर्षे मिळू शकतात, आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. म्हणजे लग्न आणि अभ्यास यांत एकच निवडा, असे नियम तरी म्हणत नाही. नियमाबाहेरची माणसे काय म्हणतात ते वेगळे.

पैशाचे म्हणाल, तर नेट परीक्षेत वरच्या गुणांनी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. तिला वयाची अट ३० वर्षांची आहे, स्त्रियांना ५ वर्षांची सूट. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच. डी. च्या प्रवेशालाही धरतात. आदिवासी बंधूंच्या मुलांना वेगळी राष्ट्रीय छात्रवृत्ती आहे. ख्रिस्ती झाल्याने आदिवासीपण जात नाही, तेव्हा दाखला काढून ठेवावा. मात्र अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी जी मौलाना आझाद छात्रवृत्ती होती ती २०२२-२३ पासून नव्यांना बंद झाली आहे. अजून कोणी तिच्या आशेवर बसले असल्यास उठावे. छात्रवृत्ती नसेल तर ओढाताण होते, मार्गदर्शक बरा नसेल तर वर्षे वाया जातात, आणि पदवी मिळताच नोकरी ठेवलेली नसते. हे भाऊंना आम्ही लपविले नाही.

तीन गुंठे विकावे लागले नाहीत. मुलीने डिसेंबरात परीक्षा दिली. पहिल्या खेपेला छात्रवृत्ती थोडक्यात हुकली, प्रवेशापुरते गुण मिळाले; दुसऱ्यांदा बसायचे तिने ठरविले आहे. दरम्यान सुरतेत खोली तिघी मैत्रिणींनी मिळून घेतली आहे. आईचा राग पुरता गेलेला नाही. पण ईस्टरला मुलगी घरी आली तेव्हा आईनेच तिच्यापुढे पाय पसरून टाचेची भेग दाखविली, आणि पाच वर्षे ती कोणाला दाखविली नव्हती असे कळले.

पाऊस तोंडावर आला आहे, म्हणून तापाचे थोडक्यात पुन्हा सांगतो. ह्या वेळी जमेल तेवढेच. उंदीर, गुरे, डुकरे, कुत्री यांच्या मुतातून हा जंतू चिखल-पाण्यात येतो आणि फाटलेल्या वा भिजून मऊ झालेल्या कातडीतून शिरतो. चिखलात जाऊन आल्यावर दोन दिवसांपासून महिनाभरात, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत, एकदम थंडी-ताप येतो, डोके ठणकते, पोटऱ्या दाबू देत नाहीत, डोळे लाल होतात. कावीळ दिसण्याची वाट पाहू नका. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणच सांगा: “मी भाताच्या चिखलात काम करतो.” हे एक वाक्य फार उपयोगी आहे, सुरुवातीच्या दिवसांत साधी प्रतिजैविके पुरतात. लावणीला बूट चालत नाहीत हे आम्ही मान्य केले. पण गोठा काढताना, बांध घालताना, चर उपसताना ते चालतात, तिथे वापरा. संध्याकाळी पाय साबणाने धुऊन कोरडे करा, भेगांवर रात्री पट्टी बांधा. गोळ्या वाटल्या तर जेवल्यावर, सांगितलेल्या दिवशीच घ्या, साठवू नका; गरोदर बाया आणि लहान मुले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

शेवटी एक निरोप. विषय पक्का करण्याआधी प्रश्नावली एकदा तपासून पाहावी लागते. ती आपल्याच चार वाड्यांत तपासायची, असे मुलीने ठरविले आहे. लावणी संपल्यावर, १५ ऑगस्टच्या सणानंतरच्या आठवड्यात, ती संध्याकाळी घरोघर येईल. प्रश्न साधेच आहेत, पण दोनचार बोचणारे आहेत: आजारात पहिल्यांदा कोणाकडे गेलात, पैसे कोणाकडून काढले, घरात निर्णय कोणी घेतला. आपल्या ओळखीची पोर म्हणून तिला बरे वाटावे असे उत्तर देऊ नका. बूट खुंटीला टांगलेले असतील तर तसेच सांगा. सांगायचे नसेल तर नाही म्हणा, ती रागावणार नाही. तिच्याबरोबर भाऊ कंदील धरून येणार आहेत. आमच्या बाजूला रस्त्यावर दिवे अजून आलेले नाहीत.